माजा अंगठा आन् फोनातली मानसं

त्या दिवशी कुंभारीच्या माज्या घरात कोन कोन होतं ते आदी सांगते. एक मी. माजा ल्योक, जुळे सोलापुरातनं गाडीवर आल्याला, हेल्मेट अजून हातातच. सून. त्यांची लेक, म्हंजे माजी नात, कॉलेजात कॉम्प्युटर शिकती. आन् उंबऱ्यावर शेजारीन, घरात तेलुगू बोलती. मी तिला अक्का म्हनते, तीबी मला अक्का म्हनती, दोघीत थोरली कोन ते अजून ठरलं न्हाय. एवढीच मानसं. मी बोलतीय, नात लिवून घेतीय. मला सही येती, त्याच्या फुडं न्हाय.

ल्योक म्हनला, "आई, बास झालं आता. घराला कुलूप लाव आन् चल आमच्याकडं."

झालं असं, आदल्या दिवशी मी मोरीत पडले. हाड मोडलं न्हाय, पर कंबर धरली, उठता येईना. फोन कमरेच्या पिशवीत होता. त्यात नातीनं एक ॲप घालून दिल्यालं. मला वाचता येत न्हाय म्हनून त्यात नावं न्हाईत, नुसते फोटो. ज्याच्या फोटोला बोट लावलं त्याला फोन लागतो. मी पडल्यापडल्या ल्योकाचा फोटो दाबला. काय तरी अक्षरं आली. परत दाबलं, तर फोटोच गेला. सुनेचा दाबला, तीबी गेली. मंग नात. समदी पुसली गेली आन् मी रिकाम्या फोनाकडं बघत पडून ऱ्हायले. अक्का कशाला तरी हाक मारत आली, तवा तिनं उचललं.

सून म्हनली, "आत्या, मला पुसताना जरा तरी हात थांबला का वो?"

"तुज्या आदी तुज्या नवऱ्याला पुसलं की," मी म्हनलं.

अक्का उंबऱ्यावर हसाय लागली. ल्योक हसला न्हाय.

"अक्का गावाला गेली असती तर?" त्यो म्हनला. "तुला फोन लावता येत न्हाय, तर तू एकटी ऱ्हायची कशी?"

त्येचं खोटं न्हवतं. पर ह्या घराची गोष्ट येगळी हाय. आमी मेंढरं राखनारी मानसं. माळावर गवत ऱ्हायलं न्हाय तवा मेंढरं इकून शहरात आलो. मालक हमाली करायचे. ल्योक अंगावर पीत होता तवा ते गेले. मी विड्या वळायला बसले. मांडीवर सूप, सुपात पान आन् तंबाखू, शेजारी पोरगं झोपल्यालं. ताप आला तरी वळायच्या, डोळं चुरचुरलं तरी वळायच्या. तंबाखूचा खोकला लागला, त्यो अजून हाय. रडत बसले न्हाय, हात मोकळा न्हवता. त्या विड्यांवर ल्योक शिकला. आन् विडीवाल्या बायकांनी सरकारच्या दारात उनात बसून, मागून मागून जी घरं घेतली, त्यातलं ह्ये एक. हितं भिंतीला खिळा कुटं ठोकायचा ते मला कुनाला इचारावं लागत न्हाय. ल्योकाचा फ्लॅट चांगला हाय, सूनबी चांगली हाय. पर तितं मी पावनी. हितं मालकीन.

मी म्हनलं, "मी यायची न्हाय."

"मंग फोन लावून दाखव," ल्योक म्हनला.

नातीनं फोटो परत घातले आन् फोन माज्या हातात दिला. "आज्जे, दाब बघू."

मी दाबला. ती ओरडली, "आज्जे, तू दाबून धरतीस! नुसतं टेकवायचं आणि उचलायचं."

आता विडीचं सांगते. पान वळून झालं की त्याचं तोंड आत मुडपायचं आन् अंगठ्यानं दाबून धरायचं, न्हाय तर उलगडतं. जल्मभर त्येच केलं. बोटाची कातडीबी वाळल्या पानावानी झाल्याली. रेशनच्या मशीनवर माजा अंगठा उमटत न्हाय. नुसतं टेकवलं तर फोनाला कळतच न्हाय, मंग मी जोर लावून धरते. आन् त्या ॲपात जास्त येळ दाबलं की "काढून टाकू का" म्हनून अक्षरं येतात, आन् तितंच परत दाबलं की मानूस गेलं.

"बघू मला," म्हनून अक्कानं फोन घेतला आन् दाबला. ल्योक फुन्यांदा पुसला गेला. तीबी विडीवालीच की.

ल्योक म्हनला, "कंपनीला फोन कर, त्यास्नी सांग."

"बाबा, ह्याला कंपनी नाही," नात म्हनली. "कुठली कुठली माणसं मिळून करतात, फुकट. ह्याचा कोड त्यांनी उघडा ठेवलाय. कुणीही वाचायचा, चुकलं तिथं दुरुस्त करायचं आणि त्यांच्याकडं पाठवायचं. पटलं तर घेतात, मग सगळ्यांच्या फोनात तसं होतं. मी करते."

"आन् न्हाय पटलं तर?"

"तर आज्जीला घेऊन जा."

ल्योकानं नातीच्या कॉलेजची सुट्टी संपूपर्यंत कबूल केलं. मला कुनी इचारलं न्हाय. पर पोरगी करंल ह्ये मला ठावं होतं.

ती माज्याकडंच ऱ्हायली. बाजेवर लॅपटॉप घेऊन बसायची. मी म्हनलं, ह्यात माजा अंगठा कुटं हाय? तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ बघ. बोट किती वेळ टेकलं ते ही मोजते." ती ओळ तिनं बदलली, माज्या फोनात घातली. मी दाबून धरलं आन् सुनेला फोन लागला.

"झालं की," मी म्हनलं, "आता पाठवायचं कशाला?"

"नाही पाठवलं तर ॲप नवीन झालं की माझं केलेलं जाईल. त्यांनी घेतलं तरच टिकतं. आणि अक्काचं काय?"

व्हय, अक्काचं काय. नातीनं इंग्रजीत लिवून पाठवलं.

उत्तर आलं तवा तिनं लॅपटॉपच मिटला. "नाकारलं, आज्जे. सोड."

"काय म्हनला ते तरी सांग."

ते ॲप सांभाळनारा परदेशातला बाप्या. त्यानं दोन गोष्टी लिवल्या होत्या. एक, इतका येळ दाबून कोन धरतंय? दुसरं, तू काढून टाकायची सोयच काढलीस, मंग फोटो खरंच पुसायचा असंल त्यानं काय करायचं?

विडीच्या कारखान्यात तपासनारा बसायचा. जुडी हातात घ्यायचा आन् मनाला येईल ती विडी छाट म्हनून बाजूला टाकायचा. का टाकली ते इचारायचं न्हाय, इचारलं की आनखी टाकायचा. मी नातीला म्हनलं, "पोरी, ह्यानं छाट टाकली का? ह्यानं इचारलंय. चूक कुटं ती बी सांगितलीय. असला तपासनारा आमाला जल्मात भेटला न्हाय. उघड ते."

तिनं उघडलं. मी म्हनलं, "दुसरं त्येचं बरोबर हाय. उद्या तुज्या बापानं नंबर बदलला तर जुना कसा काढायचा?"

"खरंय," ती म्हनली. "चुकलंच माझं."

"आन् पयल्याचं उत्तर लिवून कळायचं न्हाय. माजा हात दाखव त्येला."

माजं विड्या वळनं डोळ्यांपायी थांबल्यालं, म्हनून अक्काचं सूप आनलं. नातीनं फोन धरून शूटिंग केलं. मी म्हनलं, तोंड काढू नगं, हात तेवढं काढ.

"नखं तरी काप की अक्का," शेजारीन म्हनली, "फॉरेनला चाललीयस."

मी एक विडी वळली, तोंड मुडपून दाबून धरलं. मंग त्याच अंगठ्यानं फोन दाबून धरला. एवढंच दाखवलं.

त्या बाप्याला पटलं. पर तेवढ्यावर संपलं न्हाय. फोटो पुसायची सोय आत कुलपात ठेव म्हनला. ज्यास्नी जुनी रीत पायजे त्यास्नी ती बी असू दे म्हनला. नात बदलायची, पाठवायची. मंग त्यांच्यातल्याच दुसऱ्या कुनी बाईनं बघून आनखी एक चूक काढली. आता पोरगी रुसत न्हवती. "आज्जे, तपासणी आली," म्हनायची आन् बसायची. शेवटी एक दिवस त्यानं लिवलं, घेतलं. नातीनं मला उचलायला बघितलं. कंबर दुखतीय, खाली ठेव, म्हनलं.

सुट्टी संपली, नात घरी गेली, फोनात नवीन ॲप आलं. तरी ल्योकाचा इस्वास बसंना. म्हनला, "दुपारी मी घरी बसतो. तुजी तू लाव. जवळ कुनी नगं."

मी मुद्दाम मोरीत गेले, पडले होते तितंच बसले. ल्योकाचा फोटो दाबला आन् सगळा जोर लावून धरून ठेवला. फोटो हलला न्हाय. तिकडं वाजलं.

"आई?"

"व्हय, मोरीतनं बोलतीय."

"पडलीस का काय!"

"पडले न्हाय, बसलीय. ऐक, घराला कुलूप लागत न्हाय. आन् रविवारी येताना चहापूड आन."

मंग म्हनला, "कुठली?"

"रोजचीच की."

अजून एक ऱ्हायलंय. बोलताना फोन बंद करायचं लाल बटन बरोबर माज्या अंगठ्याखाली येतं, मधीच बोलनं तुटतं. नातीनं ते बी लिवून पाठवलंय, बघू. वाचनाऱ्याला माजं एकच सांगनं हाय. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या मानसाला फोन लावता येत न्हाय म्हनायच्या आदी, त्याच्या शेजारी बसा, त्याचं बोट कसं पडतंय ते बघा, आन् ज्यांनी ते केलंय त्यास्नी लिवून कळवा.