मेढ्याच्या सडकेची मूठभर माती

दुपारचे चार. मेढ्याच्या अलीकडे नव्या सडकेचं काम चालू होतं. लढाईचे दिवस, ऊन मी म्हणत होतं. त्या तापल्या मुरमावर उभं राहून मी माझ्या वार्ताहरकीचं नाक स्वतःच्या हातानं कापून घेतलं! कसं, ते चहा निवायच्या आत सांगतो.

सरकारी कामात लबाडी दिसली की माझं डोकं फिरतं. कॉलेजापासूनची खोड. आणि त्या दिवशी दिसावं काय? ओव्हरसियर साठे चांगल्या रूळ फिरवलेल्या सडकेत स्वतः खड्डा खणतायत, माती कढईत भरतायत आणि खड्ड्यात ओततायत चक्क वाळू! भर दिवसा!

"सडकेत वाळू भरताय?" मी गरजलो.

"मोजमाप चाललंय."

"आणि ही कढई?"

"माती भाजायचीय."

आता तुम्हीच सांगा, माती भाजणाऱ्या माणसावर विश्वास ठेवाल? साठे तराजू आणायला वळले, तशी मी कढईतली मूठभर माती कोटाच्या खिशात टाकली. पुरावा! उद्या संपादकांच्या टेबलावर ओतणार होतो.

साठ्यांनी वजन केलं, माती ओली असतानाच कमी भरली, तशी त्यांनी मान हलवली. "मुकादम, थर कच्चा आहे. उकरा, पाणी मारा, पुन्हा रूळ फिरवा."

तुका मुकादमाचा चेहराच उतरला. "आवं सायेब, आसं कसं? बैलांच्या माना सुजल्यात रूळ वडून! आज गावची जत्रा हाय. थर पास झाला तरच सुट्टी म्हनला हुता न्हवं?"

मजुरांच्या टोळीतली सगळी माणसं खाली बघायला लागली. आणि मी? मी खूश! "मी म्हणतच होतो, सडक पोकळ आहे!"

"तुमी गप बसा वं, पेपरवालं! टिकाव मारून बगा, ठिणगी उडंल!"

शेवटी साठ्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. खड्डा केवढा, ते त्यात मावलेल्या वाळूवरून कळतं. तेवढ्या जागेतून माती जितकी वजनदार निघेल, तितकी ती दाबून बसलेली. भाजायची ती तिच्यातलं पाणी किती ते कळायला. "म्हणून खड्ड्यातला कण न् कण कढईत यायला हवा."

कण न् कण! माझा हात आपोआप खिशावर गेला. मुकादमानं नेमकं पाहिलं.

"खिशात काय हाय वं?"

"पु… पुरावा."

"आरं तिच्या! आमची जत्रा खिशात घालून हुबं ऱ्हायलाय व्हय? सोडा की कढईत!"

टोळी अशी हसली की रुळाचे बैल बिचकले. मी खिसा उलटा केला आणि अस्तर झटकून झटकून सगळं कढईत सोडलं. साठ्यांनी माती भाजली. वास जरा वेगळाच सुटला होता. त्यांनी एकदा कढईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि माती तराजूत घातली. पारडं जेमतेम टेकलं.

"पास!"

मुकादमानं पटका उडवला आणि माझं मनगट धरलं. "चला जत्रंला! रस्सा लय झणझणीत आसतुया!"

पोटभर जेवलो. सवयीनं सुपारीसाठी कोटाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा! सकाळी कातरून ठेवलेली अख्ख्या दिवसाची सुपारी, रंगानं थेट मुरमासारखी…

त्या सडकेवरून मोटारी धावतात. आयुष्यभर मी लोकांना जाब विचारत आलो. पण त्या पारड्यात माती किती होती आणि माझी सुपारी किती, याचा जाब आजवर कुणी दिलेला नाही.