लोमा सेकाला परतलेली बाई

ओसाड पडलेल्या लोमा सेका गावात पुन्हा धूर दिसला, तो नूरिसच्या चुलीचा. शहरात बहिणीकडे तिचा जीव रमला नव्हता.

"तिथं काय तुझं मढं पुरलंय?" बहीण ओरडली होती.

"पुरलंय की. एलिएसेर."

एलिएसेर तिचा नवरा. तंबाखूच्या काढणीत एका सकाळी बंदूकवाले आले. लष्कराचे नव्हेत, बंडखोरही नव्हेत, जमीनदारांनी पोसलेले. "बंडखोरांना जेवू कोण घालतं?" म्हणत त्यांनी गावाला चर्चपुढं बसवलं. बंदूक घेऊन दारात आलेल्याला नाही म्हणायची सोय कुणालाच नव्हती, पण ते ऐकणार कोण? बाप्यांना एकेक करून मागच्या बाजूला नेलं. एलिएसेर उठताना नूरिसकडं वळून काहीतरी बोलला. शेजारचं लेकरू रडत होतं. तिला ऐकू गेलं नाही. मग गोळ्या. उरलेल्यांनी घाईघाईनं माती दिली आणि अंधार पडायच्या आत गाव सोडलं.

परतल्यावर तिनं आधी थडग्यांवरचं रान काढलं, मग स्वतःचं घर शाकारलं. खायला युकाचे कंद लावले, कोंबड्या पाळल्या. कोंबड्यांशीच भांडायची.

पुढं लष्कर आणि बंडखोरांची लढाई थांबली. शहरात सुनावणी झाली, बंदूकवाल्यांचा म्होरक्या माफी मागायला उभा राहिला. आता चष्मा लागलेला, पोट सुटलेला माणूस. नूरिसनं एवढंच विचारलं, "माझा नवरा शेवटी काय बोलला?"

"आठवत नाही, बाई. खूप जण होते."

तिनं माफी दिलीही नाही, नाकारलीही नाही. मिळेल त्या गाडीनं घरी आली. कोंबड्यांना दाणे टाकताना मात्र तिनं सूप खाली ठेवलं. तिथंच अंगणात बसून ती हमसून हमसून रडली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात जुनी शेजारीण तोमासा लेकी-नातवंडांसह परतली. नूरिसनं हरखून कोंबडी कापली, भलंमोठं पातेलं चढवलं. पण जेवणं चालू असताना ती ताट घेऊन परसात जाऊन बसली.

तोमासा शोधत आली. "का गं, रुसलीस? का आमची गर्दी खुपायला लागली?"

"तसं नाही गं. इतकी माणसं एकदम बोलतात, तर मला कुणाचंच कळेना."

तोमासा आत गेली. आपलं ताट घेऊन आली आणि तिच्याजवळ बसून गुपचूप जेवू लागली.