आज आमचा क्वेसार बुडाला

मंडळी, सकाळपासून मन लागत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

मी वैशाखरे गावची. रेडिओ दुर्बिणींच्या डेटावर संशोधन करते, सध्या सुट्टीत घरी आहे. फार लांबच्या एका क्वेसारचं, म्हणजे प्रचंड कृष्णविवराभोवती तेजाळलेल्या दीर्घिकेच्या गाभ्याचं, बारीक चित्र मला काढायचं होतं. तिथून लहरी निघाल्या तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती. दूरदूरच्या दुर्बिणींनी एकाच वेळी टिपलेला डेटा आज हातात आला.

ओटीवर लॅपटॉप उघडला, तर स्क्रीनभर लाल पट्टे. बाबा शेतातून आले आणि मागं उभे राहिले.

"ह्ये लाल काय गो?"

"डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहांचे रेडिओ संदेश. त्यांच्या गलक्यात क्वेसार ऐकूच येत नाय."

"मंग त्यांना गप बसवा ना जरा."

"नाय होत बाबा. दर वर्षी वाढतच चाललेत."

खराब भाग कापत गेले. निम्म्याहून जास्त डेटा गेला. उरलेल्यातून चित्र केलं, तर नुसता धूसर डाग. दोन वर्षांपूर्वी हाच गाभा स्वच्छ दिसला होता.

माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. त्यांनी चित्र मागवून पाहिलं. मग म्हणाले, "या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा दुर्बिणींचा वेळ मागू नकोस. इथं आता काही मिळणार नाही."

बाबांनी विचारलं, "म्हंजे त्या लहरी येतायत, पन आपल्याला कदीच नाय कळणार?"

मी होकारार्थी मान हलवली. लॅपटॉप मिटला, तरी दोघंही तिथंच बसून राहिलो.

यानंतर आणखी कुठली फ्रिक्वेन्सी जाईल, याची मला भीती वाटतेय. उपग्रहांमुळे असं होतंय, याची तुमच्यापैकी कुणाला खबर होती का?