अमीनाबींचा हात

शेलूबाजारात चाळीस वर्षं अमीनाबींनी बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरल्या. आता त्या आठवड्यातून दोनदा आमच्याकडे वाशिमला डायलिसिसला येतात, एकट्याच. हृदयासाठी त्यांना रक्त पातळ करायची गोळी आहे. त्यामुळे सुई काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही, आणि मी, इथली नर्स, अर्धा अर्धा तास तो हात दाबून बसते.

"कुठून रक्त येते का?" मी दरवेळी विचारायची.

"नाई."

गेल्या आठवड्यात त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटं दिसली. नुसत्या ओल्या चिरा.

"हे काय अमीनाबी?"

"काच तं लागतेच माय. त्याले का रक्त म्हन्तेत?"

मी भडकलेच. किडनी बंद असली की ही गोळी अंगात साचते, हे कितीदा सांगायचं? डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि काचेला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. म्हणजे बांगड्या भरणं संपलं.

आज दहा मिनिटांतच रक्त थांबलं. मी हात सोडला.

"झालं, अमीनाबी."

त्यांनी हात पुन्हा माझ्यापुढे केला. "थांबलं नसन अजून. धर ना जराशी."

कापूस कोरडा होता. मी हात धरला.