बाईचा न आलेला फोन

माझ्या अंगात कधी काही आलं नाही, आणि जिच्या अंगात यायचं तिला लिंबूपाणी पाजून मी घरी पोचवून दिलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवते. अंगणवाडीत मदतनीस म्हणून सव्वीस वर्षं काढली. लेकराला नजर लागली म्हणून कोणी आई रडत आली की मी म्हणायची, आधी दवाखान्यात ने, मग घरी जाऊन काय ओवाळायचं ते ओवाळ. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं त्या अंगणवाडीच्या पुस्तकांवर आपोआप आलं, तेव्हा शुद्धलेखन पाहू नका. तुमच्या या पानावरचे अनुभव मी रोज दुपारी वाचते आणि खरं सांगू... अर्ध्यांना हसते. आता पाळी माझी आहे. हसा.

घर आमचं आर्णीला, बसस्टँडच्या मागच्या अंगाला. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, महिन्यातून दोनदा येतो. म्हणजे घरात मी आणि सून प्रणाली, दोघीच. यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गच्चीवर सांडगे वाळत घातले होते, ओळी इतक्या सरळ आल्या होत्या की फोटो काढावा म्हटलं. तर फोन फोटोच घेईना! लिहून येते — स्टोरेज फुल. व्हॉट्सॲपवर कोणाचं काही उघडेना. चार दिवस मी तशीच फिरली, मग प्रणालीला म्हटलं, "हे बिघडलं वाटते वं."

ती म्हणाली, "बिघडलं नाही आई, भरलं आहे. किती कचरा साठवून ठेवला तुम्ही!"

"घर माझं लख्ख असते, अन् फोनमध्ये कचरा?"

"मग पाहा," म्हणाली, आणि माझ्या शेजारी खाटेवर येऊन बसली. पण फोन माझ्याच हातात दिला. तुम्हीच करा म्हणाली, म्हणजे शिकाल.

मग आमची सफाई सुरू झाली. तीन तर भविष्य सांगणारे ॲप निघाले, तिघांचं भविष्य वेगवेगळं. बॅटरी, म्हणजे टॉर्च, लावायचे दोन, जेव्हा फोनला स्वतःचा टॉर्च आहेच. एक ॲप असं की फोटोत माणसाला कुत्र्याचे कान लावते. ते कोणी टाकलं म्हणून विचारलं तर प्रणाली खिडकीबाहेर पाहायला लागली. आणि एक फोन फास्ट करणारं, ज्यानं फोन सगळ्यात जास्त स्लो झाला होता. बोट दाबून धरायचं, अनइन्स्टॉल म्हणायचं, संपलं. मला तर मजा यायला लागली. घरातली माणसं अशी काढता आली असती तर, असं मी म्हटलं आणि दोघी हसलो.

पण एवढं काढून जागा काही फार झाली नाही. मग प्रणालीनं फाइल्समध्ये पाहिलं आणि कपाळावर हात मारला. माझ्या फोनवर येणारा-जाणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत होता. कधी चालू झालं, कोणी केलं, देव जाणे. सिलिंडरवाल्याचा, भाजीवालीचा, चुकून लागलेला — सगळे कॉल तिथं रांगेनं पडलेले. नाव आणि तारीख.

"सगळं सिलेक्ट करू?" तिनं विचारलं.

मी म्हटलं थांब, आधी पाहू दे. वरून खाली सरकवत गेली. आणि मधेच एक नाव आलं — बाई.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, सुमन. चार वर्षांनी मोठी. यवतमाळच्या अलीकडे लोहाऱ्याला राहायची, भाऊजी कारखान्यात होते तेव्हापासून. मागच्या पोळ्याच्या दिवशी ती गेली. तिला न्युमोनिया झाला, यवतमाळला ॲडमिट केलं, दोन दिवस तोंडात नळी होती आणि तिसऱ्या दिवशी संपलं सगळं. आर्णीहून तासाभराचा रस्ता आहे. मी गेली नाही.

आता हेही लिहिते. आमचं भांडण झालं होतं. त्याच्या आधीच्या संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू होतं. प्रणालीची आई आलेली, गल्लीतल्या बाया आलेल्या. आणि भरल्या घरात आमच्या बाईनं तिळगूळ चघळत सांगितलं, "ही बेबी तं लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी सासरहून पळून आलती! कापसाच्या बैलबंडीत लपून! उतरली तं नाकातोंडात कापूस, भूतच दिसे!" सगळ्या हसल्या. विहीणबाई तर डोळे पुसून पुसून हसल्या. गोष्ट खरी होती, पण माझ्या सुनेसमोर सांगायची होती का? मी त्याच रात्री प्रणालीला म्हटलं, हिचा फोन मला येऊच नये असं करून दे. तिनं दोनदा विचारलं, आई, खरंच ब्लॉक करू? मी म्हटलं, कर.

आठ महिने. मग ती आजारी पडल्याचं प्रणालीच्या फोनवर कळलं. मी म्हटलं, पोळा झाला की जाऊ. मला कोणी ये म्हणून बोलावलं कुठं... असंही म्हटलं. इतकी मी शहाणी.

तर तिचं नाव त्या यादीत दिसलं. म्हटलं, जुना असेल, संक्रांतीच्या आधीचा. आवाज तरी ऐकायला मिळेल. तेवढ्यात प्रणाली म्हणाली, "आई, तारीख पाहा."

पोळ्याची तारीख होती. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. रेकॉर्डिंग नऊ मिनिटांचं. बाई गेली त्या दिवशी पावणेपाचला.

मी दाबलं.

आधी नुसती खरखर. मग माझा आवाज. माझाच, दुसऱ्या कोणाचा नाही.

"हॅलो... बाई? ...कोठून बोलून राह्यली तू?"

पलीकडून काही नाही. म्हणजे आवाज नाही, पण बंदही नाही. कोणी बोलत असताना आपण जेवढं थांबतो तेवढं थांबून मी पुन्हा बोलते —

"मी? पुरण वाटून राह्यली वं... हो, पोळा नाही का आज..."

थांबते.

"हट! रागावली कुठं मी... आलतीच नं पळून, तू काही खोटं थोडी बोलली." आणि मी हसते त्यात. मोकळी हसते. "शिंका कितीक आल्या मले, नाही? तूच तं पदरानं नाक पुसलं..."

मग बराच वेळ थांबते. मग माझा आवाज एकदम काळजीचा होतो —

"पाय? गार पडले? मग कोणाले टाकाले सांग नं पायावर काही... तुह्या लेकीले सांग, वर्षीले... काहून? बोलता नाही येत? ...बरं. बरं बाई. मी सांगते तिले."

आणि इथं मागून, लांबून, प्रणालीचा आवाज आला, "आई, कोणाशी बोलून राह्यल्या?"

माझा आवाज, "बाईशी वं."

त्यानंतर पुढं शेवटपर्यंत मी फक्त "हो" म्हणते. थांबून थांबून. "हो... हो... हो बाई." मग बंद.

प्रणालीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मग ती म्हणाली,

"मला आठवते, आई. मी विचारलं होतं असं. पण तुम्ही पाट्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पुरणानं भरलेले. फोन बैठकीत चार्जिंगला होता, मीच लावला होता. मला वाटलं, आपल्याशीच पुटपुटून राह्यल्या... तुमच्या मनात मोठ्या मावशीचंच चालू असणार, म्हणून मी काही म्हटलं नाही. मग संध्याकाळी ती बातमी आली, मग कशी सांगू?"

मला यातलं काही आठवत नाही. पुरण आठवते. ते जरा पातळ झालं होतं, तेही आठवते. बोललेलं एक अक्षर आठवत नाही.

प्रणालीनं मग कॉलच्या यादीत पाहिलं. त्या दिवशी त्या वेळेला कोणाचाच कॉल नाही. येईल कसा? नंबर ब्लॉक. ती यादी पण उघडली तिनं, मला नको होती तरी दिसली. बाईचे सात कॉल होते तिथं अडकलेले. सगळे आजारपणाच्या आठवड्यातले. शेवटचा, ॲडमिट केलं त्या सकाळचा.

त्या दुपारी सांडगे वरच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं लोहाऱ्याला गेली. वर्षा म्हणजे बाईची लेक, तिच्याच घरात राहते. तेराव्यानंतर ती माझ्याशी सरळ बोललेली नव्हती, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दार उघडून म्हणाली, "मावशी! रस्ता चुकली काय तू?"

मी म्हटलं, "चुकलीच होती वं. आत तरी घेशील का उन्हातून?"

पाणी दिलं तिनं. मी काही पाल्हाळ लावला नाही, फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, ऐक. बाईच्याच दिवाणावर बसून तिनं सगळं ऐकलं. पायाचं आलं तसा तिचा चेहरा बदलला. बंद झाल्यावर तिनं पुन्हा तेवढंच लावलं. मग पुन्हा.

"हे तुले कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही वं. मलेच माहीत नव्हतं."

"पाय हलवे ती त्या दिवशी," वर्षा म्हणाली. "सारखी हलवे. चादर निसटून जाय. मी सिस्टरले विचारलं तं म्हणे, असं होते, तुम्ही बाहेर थांबा. मले वाटलं तिले झटके येऊन राह्यले. थंडी वाजत होती तिले, मावशी? एवढंच होतं?"

 फोनमध्ये माझ्याच आवाजात 'मी सांगते तिले' असं आहे, आणि मी सांगितलेलं नाही. पोरीनं चादर ओढून दिली असती, तिथंच तर उभी होती. वर्षा रडली. मग चिडली — "आता कायले आणलं तू हे मले ऐकवाले?" मग पुन्हा रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिनं हात झटकला नाही, एवढंच.

चहा तिनंच केला मग. कपबशी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "तुले लय फोन लावले आईनं. मीच लावून देत होती. दर वेळेस बिझी. मी म्हटलं, एवढं कोणाशी बोलते मावशी? तं आई म्हणे, बेबीले बोलाले लागते वं, असंल कोणाशी लागलेली, मंग लावू. हसे ती."

म्हणजे बाईला शेवटपर्यंत कळलंच नव्हतं. मी तिला बंद करून टाकलं आहे, हे तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, माझी धाकटी बहीण गप्पा मारत बसली आहे.

वर्षानं माझ्याकडं पाहिलं. "बिझीच राहे नं मावशी तू तेव्हा?"

आता सांगायचं होतं. त्यासाठीच तर गेली होती मी, बसमध्ये सगळे शब्द जुळवून ठेवले होते. पण ती इतकी थकलेली दिसत होती, आणि माझ्याकडं अशी पाहत होती की आता एवढं तरी कोणी धड सांगावं...

मी म्हटलं, "हो."

याला दोन महिने झाले. वर्षा आता रविवारी फोन करते, काय जेवली विचारते. मला तिच्या आवाजात बाई ऐकू येते. ते सात कॉल कशापायी अडकले, ते तिला सांगितलं नाही. इथं तुम्हाला सांगून राह्यली, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

प्रणालीनं मोबाइलच्या दुकानात विचारून पाहिलं. ते म्हणाले, फोन भरला की तारखा इकडच्या तिकडं होतात, जुनं काही असेल. पण जुन्यात पोळ्याचं पुरण कुठून येईल? संक्रांतीची गोष्ट त्यात आहे, म्हणजे संक्रांतीनंतरचं आहे, आणि संक्रांतीनंतर आम्ही बोललोच नाही. डॉक्टर म्हणतील, मनात होतं ते तोंडातून आलं. येऊ दे, मी कुठं नाही म्हणते. पण बैठकीत चार्जिंगला लावलेल्या फोननं ते ऐकलं कसं, आणि त्यावर बाईचं नाव कोणी घातलं? आणि तिच्या पायांचं मला आर्णीत बसून कसं कळलं?   तुमच्याजवळ उत्तर असेल तर लिहा, पण मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

बाकी सगळी रेकॉर्डिंग मी काढून टाकली. फोन आता पटापट चालतो. ते एक ठेवलं आहे. रोज नाही, पण घरी कोणी नसलं की लावते, आणि शेवटचा भाग कानाशी धरते. जिथं मी हो हो म्हणते. तिथं पलीकडं नुसती खरखर आहे. बाई काहीतरी सांगत होती, सावकाश, बराच वेळ, आणि मी ऐकून घेत होती, कबूल करत होती. काय कबूल केलं, ते मला ठाऊक नाही.