परसातला वाफा

यशोदा लहानपणीच विधवा झाली आणि सोलापुरात थोरल्या भावाकडे, कमलाकरपंतांकडे येऊन राहिली. तिचं स्वतःचं असं त्या घरात काही नव्हतं. अठ्ठावीस सालच्या मार्गशीर्षात तिनं कोंब फुटलेले बटाटे फोडी करून परसात लावले. न्हाणीचं पाणी पाजून वाफा हिरवागार केला. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की ती वाफ्याकडे जाई आणि झाडांच्या बुडाशी माती ओढी. उपवासाला आपल्या हातचे बटाटे खावेत, एवढीच तिची हौस होती.

माघात भाचीचं लग्न निघालं. मांडवाला जागा पुरेना.

"परसातला वाफा काढून टाका," कमलाकरपंत म्हणाले.

"दादा, अजून महिनाभर तरी पोसायला हवेत हो," यशोदा काकुळतीला आली.

"लग्नघरात बटाट्यांचं काय घेऊन बसलीस?"

दुपारपर्यंत गड्यानं झाडं उपटून जमीन चोपून टाकली. सुपारीएवढे बटाटे निघाले. वहिनीनं ते टोपलीत भरून तिच्यापुढे ठेवले.

"वन्सं, उद्याच्या पंगतीसाठी एवढे सोलून द्या. आणि मुहूर्ताला पुढे येऊ नका हं, व्याही जुन्या वळणाचे आहेत."

दुसऱ्या दिवशी ताशे वाजले, अक्षता पडल्या. मागच्या खोलीत यशोदा बटाटे सोलत होती. साल इतकी कोवळी, की नुसत्या अंगठ्यानं निघत होती. उठून खिडकीशी जावं, असंही तिला वाटलं नाही.

पुढे म्हातारी होईपर्यंत ती त्याच घरात राहिली. मातीत हात मात्र तिनं पुन्हा कधी घातला नाही.