पावलावरचं व्हायोलिन

वसईजवळच्या गिरीज गावात, सरांच्या घराच्या ओटीवर दुपारी केळीच्या पानांतून हिरवट उजेड यायचा आणि वेळ जागच्या जागी पेंगायचा. मी कऱ्हाडकडची, लग्नानंतर वसईत फ्लॅटमध्ये आलेली. पन्नाशीत मला व्हायोलिन पुन्हा हातात घ्यायची हुक्की आली. शिकवणारे सर चाळीस वर्षं चर्चच्या गायनमंडळात वाजवत होते. वर्षापूर्वी त्यांचा डावा खांदा धरला, हात वर जाईना, वाजवणं बंद झालं. ते तोंडी शिकवायचे, आणि बोटं मात्र गुडघ्यावर चालत राहायची. मला ते बघवत नसे.

माझ्याकडे वाद्य नव्हतं, म्हणून त्यांनी वडिलांचं काढून दिलं. लहानपणी गुरुजींकडे शिकले होते तशी मी मांडी घालून बसले, एक टोक छातीशी टेकवलं, दुसरं उजव्या पावलावर. सरांचा चेहरा उतरला.

"वडिलांनी हे चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला वाजवलंय, बाय. पायावर नका ठेवू."

पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारी मी, पण हे कधी मनातच आलं नव्हतं. आधी लाज वाटली, मग रागही आला. आमचे गुरुजी काय वाद्याचा अपमान करत होते? पण म्हातारा माणूस दुखावला होता. मी मुकाट्याने उभी राहिले आणि वाद्य हनुवटीखाली धरलं. महिनाभर मान अवघडली, सूर तर विचारूच नका.

एकदा सरांनी सहज विचारावं तसं विचारलं, की खाली बसून वाजवताना डावा हात किती उचलावा लागतो. मी सांगितलं, फारसा नाहीच, कोपर बरगडीजवळच राहतं. त्यांनी आपलं डावं कोपर बरगडीशी टेकवून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात गेले तर सर मोरीवरून पाय धुऊन येत होते. पंच्याने पुसले, परत गेले, पुन्हा धुतले. मग भिंतीला धरून खाली बसले, कपाळावर क्रूसाची खूण केली आणि वडिलांचं व्हायोलिन पावलावर टेकवलं. मी त्यांचं कोपर सावरलं.

पहिला सूर थरथरला. दुसरा लागला. मग एक संथ भक्तिगीत त्या हिरव्या उजेडात पसरत गेलं. त्यांची बायको पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली. मला रडू आवरेना.

सरांनी डोळे न उघडताच तिला सांगितलं, "रविवारसाठी चटई काढून ठेव. चर्चमध्ये न्यायचीय."